कसली भीती

भाद्रपद शुद्ध दशमी, मंगळवार

आज तुळजाभवानीच्या ओटीसाठी खण अन् नारळ आणला, एकशे साठ रुपये. ओटी दरसाल मी अन् लेक रेखा मिळून भरतो. यंदा ती विद्यापीठात बौद्ध मानसशास्त्र अन् समुपदेशन शिकतेय. फोनवर विचारलं, "नवरात्रात येशील ना?"

तर म्हणते, "आई, तुला कसली भीती वाटते गं?"

"भीती कसली? मी येण्याचं विचारलं, बाई!"

मग ती गप्पच. गप्प राहून ऐकायचंच शिकवतात म्हणे तिथं.

पण कसली भीती? या घरात मला हे कुणी विचारलंच न्हाय. देवीलाही मी मागणं सांगत आले, भीती कधी न्हाय. खण तसाच कोनाड्यात आहे.

उद्या कार्ड टाकते, त्यात एवढंच लिहिते: रेखा, देवी वाट बघंल. भीती मला आहे, तू परकी होशील याची. येणार का, उलट टपाली कळव. फोनवर तू परत मलाच विचारशील.