नागूचं घोंगडं

४ नोव्हेंबर
पोचलो एकदाचा. संस्थेनं वेल्समधनं ओवेन नावाचा एक स्वयंसेवक आणलाय, मेंढरांना औषध पाजायला. थंडीभर धनगरवस्तीवर ऱ्हायचं. त्याचं इंग्रजी मराठीत करायला मी, होटगीचा कुमार, बारावीला नापास झालेला. इंग्रजी क्रिकेटच्या कॉमेंट्रीतनं शिकलोय, पण संस्थेला कुटं म्हाईत. मुक्काम सिद्धाप्पा आन् मायाक्काच्या घरी. मायाक्कानं ओवेनला बसायला घोंगडं हातरलं, मला बारदान दाखवलं. चालतंय, पावना लांबचा हाय. जेवताना मी सांगितलं, सायबाला ठेचा लई आवडतो. सायेब रडला. मी पोटभर हसलो.

८ नोव्हेंबर
ठेच्याचं उलटंच झालं. लेकराचं त्वांड पोळलं म्हणून मायाक्का त्याला रोज भाकरीवर लोणी घालती. बाया त्याला ववन्या म्हणत्यात. त्याच्या बापाचीबी मेंढरं हायत, त्यामुळं सिद्धाप्पा त्याला जावयागत शेजारी घेऊन बसतो. मला मायाक्का अजून इचारती, कुणाचा रं तू? कुत्रं तर रोज नव्यानं भुकतंय. आईनं शिकवलंय, दुसऱ्याच्या ताटात बघू नये. मी बघतो. लोणी मोजून बघतो.

१२ नोव्हेंबर
एका मेंढीचं कोकरू मेलं. दुसरं एक बिनआईचं कोकरू वरडत होतं. सिद्धाप्पानं मेलेल्याचं कातडं काढलं आन् जित्याच्या पाठीवर बांधलं. मेंढीनं हुंगलं, घडीभर इचार केला, आन् पाजलं. ओवेननं हातवारे करून दाखवलं, आमच्याकडंबी असंच करत्यात. सिद्धाप्पा खूश, पाठीवर थाप. दोघांना माझी गरजच पडली न्हाय. लई जळलो.

सांजंला मायाक्कानं पेटीतनं एक घोंगडं काढलं. तिचा पोरगा नागू गेल्या साली कॅनॉलात बुडला, त्याचं. वास जाईल म्हणून धुतलेलं न्हाय. मला म्हणली, ववन्याला सांग, थंडी हाय, पांघर म्हणावं. मी ओवेनला सांगितलं, बाई घोंगडं इकतीया, घेतो का. त्यानं हात जोडून नको म्हणलं. मी मायाक्काला सांगितलं, घाण वास येतोय म्हणतोय. तिचं त्वांड बघवंना. मग मीच म्हणलं, मला द्या की, मला चालतंय.

तिनं ते माझ्या खांद्यावर टाकलं. कानामागं हुंगलं. घडीभर इचार केला. मग म्हणली, आलास व्हय.

१५ नोव्हेंबर
लोणी आता माझ्या ताटात. मायाक्का घास भरवती, नागू म्हणती. म्हणू दे की, लोणी तर खरं हाय. कुत्रं पाय चाटतंय. ओवेन बारदानावर. त्याच्याकडं बघत बघत मी मिशीला ताव दिला.
मला मिशी कवा आली, काय म्हाईत.

१८ नोव्हेंबर
ओवेन कायतरी बोलला. समजलं न्हाय. इंग्रजीच होतं. परत बोलला, तरी न्हाय. मग त्यानं मोबाईलवर फोटू दाखवला, आमच्या दोघांचा, पयल्या दिवसाचा. माझ्या तोंडावर बोट ठिवून इचारत होता, ह्यो कुटं गेला.
मीच की रं, म्हणलं. मला इंग्रजीत म्हणायचं होतं.

एका मेंढीला मी नावानं हाक मारली. आली. तिचं नाव मला कुणी सांगितलंय?

२० नोव्हेंबर
घोंगडं निघंना. गळ्यापाशी ओढलं तर रगत आलं. मायाक्कानं हळद लावली. सिद्धाप्पाला म्हणली, पयल्यांदा असंच वरडत्यात, मग रुळत्यात.
पळालो. कॅनॉलापतूर गेलो. पाणी बघितलं आन् छाती भरून आली, नाकात पाणी गेल्यागत — परत आलो. पाय आपसूक हितंच —

२२ नोव्हेंबर
आई आली. माझी आई. ओवेननं संस्थेला फोन केलता, त्यांनी तिला कळवलं. येष्टीतनं उतरून चालत आली. मी पळत गेलो. तिनं माझ्याकडं नीट बघितलं आन् इचारलं, बाळा, माझा कुमार कुटं दिसला का?

सांगणार होतो. आये म्हणायला त्वांड उघडलं. मायाक्का मागनं म्हणली, ह्यो माझा नागू, लाजतोय जरा. आई म्हणली, गुणाचं दिसतंय पोरगं, जपा.

मग ओवेनच्या खांद्यावर डोकं ठिवून रडली. माझ्यासाठी आणलेली शेंगाची चटणी त्याला दिली, बस बाळा, खा म्हणली. तो खात होता. ती त्याच्या पाठीवरनं हात फिरवत होती. माझ्या आईचा हात —

दोघं मला हुडकायला चाललेत. येष्टीला. त्यानं तिची पिशवी घेतलीया. अजून दिसत्यात. वळणापतूर दिसतील. हाक मारायला पायजे, तिचं नाव, माझं न्हायतर तिचं तरी — काय होतं —

मायाक्का बोलवतीया, नागू. मी ओ देणार न्हाय. त्वांड दाबून धरलंय. देणार न्हाय मी, मी कु