अर्ध्या डिक्शनरीचा मालक

सावेडी, ता. ९ फेब्रुवारी १९४६

तीर्थस्वरूप शमुवेलदादास धाकट्या योहानचा सप्रेम सलाम, वि. वि.

आम्ही सगळी देवदयेने खुशाल आहोत. तुझी कंबर कशी आहे? वहिनींचा दमा? तीन वर्षांत एक चिठ्ठी नाही आणि आज एकदम कंबर आठवली, असं म्हणशील. म्हण, पण पत्र फाडू नको.

बाबा गेल्यावर वाटणीत तू गाय घेतलीस, मी पलंग घेतला आणि त्यांच्या इंग्रजी डिक्शनरीवर दोघंही अडून बसलो. शेवटी गोरक्ष सुताराला बोलावून ती मधोमध कापून घेतली. (बिचारा म्हणत होता, पुस्तक काय लाकूड हाय का मास्तर? अक्कल त्याला होती, शिकलेले आपण होतो.) ए ते एल तुझ्याबरोबर राहुरीला गेलं, एम ते झेड माझ्याकडे राहिलं. माझा भाग तुझ्या भागापेक्षा बोटभर जाड निघाला म्हणून मी चार दिवस खुशीत होतो.

आता झालं असं, की बाबा ज्या शाळेत शिकवायचे तिथे, नगरला, इंग्रजीच्या मास्तरची जागा निघाली. बाबांच्या वर्गात उभं राहायचं मला लहानपणापासून वेड, ते तुला ठाऊकच आहे. मी रोज दहा भारी शब्द पाठ करायला लागलो, अर्थात एमच्या पुढचे. पाठ केलेला शब्द वापरला नाही तर गंजतो, हे बाबांचंच म्हणणं. म्हणून चर्चमध्ये प्रार्थना करताना मी देवबापाला ऑम्निपोटंट, ऑम्निप्रेझेंट, ऑम्निशंट अशा एकाच पानावरच्या तीन पदव्या दिल्या. पान उलटणार तेवढ्यात पाळकसाहेबांनी आमेन म्हणून टाकलं. घरी शेजारणीसमोर तुझ्या भावजयीला, दीनाला, पर्स्पिकेशस म्हणालो. ती स्तुती होती (तल्लख बुद्धीची, असा अर्थ), पण दोन दिवस मला कालवणाशिवाय भाकरी मिळाली.

गेल्या सोमवारी मुलाखत झाली. साहेबांनी मॅग्नॅनिमस विचारला, व्होसिफरस विचारला, मी धडाधड सांगत गेलो. साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, अ‍ॅमिकेबल म्हणजे काय? दादा, डोक्यात नुसती गोरक्षची करवत फिरायला लागली. तोंडातून निघून गेलं, साहेब, तो शब्द माझ्या भावाकडे आहे.

त्यांनी खोदून विचारलं तेव्हा मी सगळी वाटणी सांगितली. ते टेबलावर डोकं टेकून हसले. जागा गेली असं धरून मी टोपी उचलली, तर म्हणाले, महिन्याने पुन्हा या, या वेळी ए पासून तयारी करून. म्हणजे अजून आशा आहे.

एक मात्र सांगतो. ऑब्स्टिनेट (हट्टी), क्वारलसम (भांडखोर), रिमोर्स (पस्तावा) हे सगळे शब्द माझ्याच वाटणीत निघाले. शेवटचा तर अर्थासकट पाठ झाला आहे.

वहिनींना सलाम, मुलांना गोड पापा.

तुझा,
योहान

ता. क. तुझा अर्धा भाग महिनाभर द्यावा. तो वहिनींच्या शिवणयंत्राच्या पायाखाली असतो असं कळतं. तिथे वीट चालेल.

ता. क. टपालाने नको, पानं सुटतील. तूच घेऊन ये. नगरचा बाइंडर दोन्ही भाग समोर पाहिल्याशिवाय शिवायला तयार नाही. पलंगावर तू झोप, मी खाली झोपेन.

ता. क. अ‍ॅमिकेबल म्हणजे सलोख्याचा. साहेबांनी शाळेतली अख्खी डिक्शनरी मला महिनाभर घरी दिली आहे, त्यातच पाहिलं. तरी तू ये.