आळशी आर

लाडक्या आईस,

मोंटानात मी मजेत आहे. म्युझियममध्ये जुन्या काळची रँचवाली बनून, लांब झगा घालून चुलीवर बीन्स शिजवते. कंबर जरा कुरकुरते, इतकंच.

रँच विकली तेव्हा हरवलेली गुरांवर आपल्या रँचची खूण डागायची सळई आठवते? ती इथे भिंतीवर सापडली! पण आमच्या नव्या साहेबाने, कर्टिसने, तिच्यावरचा इंग्रजी आर उभा टांगला होता.

मी म्हटलं, "अरे, हा आडवा असतो, म्हणून तर याला आळशी आर म्हणतात! उभा आर शेजारच्या ग्रेडींचा. आमची गुरं त्यांना देतोस का?"

तो हसला आणि शिडी माझ्याच हातात दिली. मीच चढून आर आडवा केला.

बाबा जन्मात कधी दुपारी आडवे झाले नाहीत. आता त्यांचा आर तरी निवांत पडलाय.

तू दुपारी पाठ टेकतेस ना?

तुझीच,
डार्लीन