विचायची बाटली

१ जुलै २०२५, मंगळवार

थायलंडच्या पंतप्रधान बाईंना आज तिथल्या कोर्टाने तूर्त घरी बसवलं. शेजारच्या देशातल्या एका जुन्या पुढाऱ्याशी फोनवर बोलल्या, ते बोलणं फुटलं. माझ्या खोलीतल्या थाई विचायने सकाळी बसमध्ये मोबाइल नाकासमोर धरला. "पी, लुक! अगेन!" पी म्हणजे त्यांच्यात थोरला भाऊ. गेल्या वर्षीही कोर्टानेच एकाला काढलं होतं.

मला काय त्याचं? पण आठ महिने एका खोलीत राहतोय. तो खाटेवर पडून मोठ्या आवाजात बातम्या लावतो आणि मग मोडक्या इंग्रजीत मला समजावतो. आता त्यांचं राजकारण मला आमच्यापेक्षा जास्त कळतं. आमच्याकडे पक्ष फुटतात आणि कोर्टात तारखा पडतात. त्यांच्याकडे कोर्ट दिवसात निकाल लावतं. कुठलं बरं? मत देणारा दोन्हीकडे उन्हातच उभा.

इथे सौदीत, खफजीला आज पारा ४६ वर. दुपारी बारा ते तीन बाहेरचं काम बंद. शेडमध्ये पडून राहिलो.

४ जुलै, शुक्रवार

सुट्टी. कपडे धुतले. रेवाचा फोन — "बाबा, एकोणसाठ झाली. आता पुरे ना. या घरी."

बघू म्हटलं. लेकीला दुसरं काय सांगणार? ममताला जाऊन चार महिने झाले. त्याआधी आठ महिने आजारी असूनही ती मला फोनवर "बरं आहे" म्हणत होती आणि मी ते धरून चाललो होतो. गुहागरला पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. रेवा सांगते, घरात सगळं जागच्या जागी आहे, आईची विळीसुद्धा. म्हणूनच जायचं नाही मला. इथे कॅम्पात कुठल्याही वस्तूला तिचा हात लागलेला नाही.

विचायने चिकट भात केला, बांबूच्या टोपलीत. बोटांनी लाडू वळून खायचा. मला भात बंद आहे, तरी खाल्ला. त्याचे वडील सन ऐंशीच्या सुमारास इथेच सौदीत होते, रियाधला. त्या पैशाने घर बांधलं. मग दोन देशांचं बिनसलं आणि थाई लोक येणं बंद झालं, ते आता कुठे सुरू झालंय. वडील पन्नाशीतच गेले, पुढे थोरला भाऊही. कशाने, विचारलं. "स्टमक," म्हणाला आणि बरगडीखाली हात फिरवला. मग गावाकडच्या कच्च्या माशाच्या चटणीची आठवण काढत बसला. तोंडाला पाणी सुटलं होतं त्याच्या.

१३ जुलै, रविवार

संध्याकाळी बूट काढला तर मोजा लाल. तळव्यात स्क्रू घुसलेला. कधीपासून कोण जाणे — दिवसभर मी त्याच पायावर पाइपांच्या जोडाचे फ्लँज जुळवत होतो. काही कळलं नाही.

विचायने चिमट्याने काढला. "नो पेन?" नाही. तो माझ्याकडे बघत राहिला.

साखरेने पाय बधिर होतात, हे मला ठाऊक आहे. ठाऊक असून काय करायचं? मेथीचं पाणी पितो. चिपळूणहून आणलेल्या गोळ्या लोणच्याच्या पिशवीत आहेत. दवाखान्यात गेलो नाही. दवाखान्यात गेलं की कागद होतो.

२० जुलै, रविवार

नोटीस लागली. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रिन्यू व्हायच्या आधी मेडिकल. माझी तारीख २६. साठीला टेकलेल्यांचं मेडिकल बारकाईने बघतात. नापास झालं की फायनल एक्झिट, कायमचं घरी. खलास.

कॅम्पातली जुनी रीत आहे. रक्त घेताना इकामा बघतात, तोंड बघतात, तिथे काही चालत नाही. चार दिवस भात-पोळी सोडायची, गोळी चुकवायची नाही, आकडा बऱ्यापैकी खाली येतो. लघवीत मात्र सगळं बाहेर पडतं. पण संडासात सोबत कोणी येत नाही. म्हणून दुसऱ्या कोणाची तरी छोट्या बाटलीत न्यायची. मी स्वतः तरुणपणी तीन फोरमनना दिली आहे. कोणी त्याला फसवणूक म्हणत नाही. मदत म्हणतात.

आता माझी पाळी आली.

२४ जुलै, गुरुवार

विचायच्या गावाजवळ लढाई सुरू झाली. त्याचा सुरिन जिल्हा कंबोडियाच्या हद्दीला लागून आहे. दोन्हीकडून तोफा. बायको आणि म्हातारी आई शाळेत हलवल्यात, चटईवर. तो दिवसभर फोन कानाला लावून. सुपरवायझर ओरडला तरी ठेवला नाही.

फोनवर बोलणारे पुढारी आपल्या घरी बसलेत, आणि म्हाताऱ्या बायका शाळेच्या फरशीवर. एवढंच मत आहे माझं. जास्त राजकारण नको.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं असावं. पण डोक्यात बाटलीच होती — आज विचारावं की उद्या?

२५ जुलै, शुक्रवार

विचारलं. मला वाटलं हसेल, इतर हसतात. तो हसला नाही. मग म्हणाला, "पी, डॉक्टर चेक ऑल? लिव्हर, ऑल?"

म्हटलं, सगळं बघतात. लघवीत माणूस अख्खा दिसतो.

"गुड. आय गिव."

घरी तोफा चालल्यात आणि हा मला मदत करतोय. भला माणूस.

२६ जुलै, शनिवार

सकाळी त्याने बाटली दोन्ही हातांनी दिली. प्रसाद द्यावा तशी. रंग जरा गडद वाटला. उन्हाने होतं, आम्ही पाणी कमी पितो. खिशात ठेवली. इथल्या उन्हात गरम ठेवायची चिंता नाही!

रक्त दिलं, कप भरून दिला. काम झालं. बसमध्ये झोप लागली.

२९ जुलै, मंगळवार

तिकडे लढाई थांबवायचं ठरलंय. विचायची आई अजून शाळेतच. "रिपोर्ट कम?" त्याने विचारलं. नाही आला.

३० जुलै, बुधवार

"रिपोर्ट कम?" नाही रे बाबा.

२ ऑगस्ट, शनिवार

डॉक्टर इस्मतनी बोलावलं. हैदराबादचे आहेत, आमच्याशी हिंदीतून बोलतात. समोर दोन कागद ठेवले. "गुरुनाथजी, आपका खून कहता है, लिव्हर एकदम ठीक. और पेशाब में पीलिया है. ये दोनों एक आदमी के नहीं हो सकते."

मी टेबलावरच्या पेनकडे बघत होतो.

ते म्हणाले, लॅबमध्ये नमुने बदलले असतील, उद्या पुन्हा देऊन जा. मग मला निरोप देता देता, सहज बोलावं तसं — "जिसका भी है, उसे जल्दी दिखाना चाहिए. इसमें देर नहीं करते." त्यांना कळलंय की नाही, सांगता येत नाही. चेहरा सरळ होता.

खोलीवर आलो. विचाय दारातच उभा. "पी, रिपोर्ट ओके?"

"ओके," मी म्हटलं. "ऑल ओके."

त्याने माझे दोन्ही दंड धरले. हलवलं मला. इतका खूश झालेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. माझ्यासाठी!

३ ऑगस्ट, रविवार

आजची बाटली हरिहरकडून घेतली. मेसमध्ये भाकऱ्या भाजतो, ओडिशाचा, धडधाकट. त्याने हसत दिली.

विचायला सांगितलं तर तो लगेच दवाखान्यात जाणार. डॉक्टर दोन कागद शेजारी ठेवणार. पाच मिनिटांत माझी बाटली उघडी पडेल. इकामा हातात येऊ दे. मग सांगतो.

७ ऑगस्ट, गुरुवार

पास. फिट. लॅबची चूक म्हणून पहिला कागद बाद झाला. बिचारी लॅब.

८ ऑगस्ट, शुक्रवार

विचायने आमच्या खोल्यांच्या सगळ्या लाइनला जेवण घातलं. चिकट भात, कोंबडी, मिरचीची चटणी. गाणं म्हटलं, त्याचा आवाज वाईट आहे. सप्टेंबरची सुट्टी रद्द केली म्हणाला, आणखी दोन वर्षांच्या कागदावर सही करून आलाय. "आय स्ट्राँग, पी!"

सुट्टीला गेला असता तर घरी कोणाच्या तरी लक्षात आलं असतं. हे मला सुचलं. सुचलं आणि मी दुसऱ्यांदा भात घेतला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

काही नाही. हायड्रोटेस्ट, पाइपात दाबाने पाणी भरून बघायचं. एका जोडातून गळती. पुन्हा केली.

१९ ऑगस्ट, मंगळवार

इकामा रिन्यू झाला. एक वर्ष. मोबाइलवर मेसेज आला तेव्हा मी दात घासत होतो. पुढे घासत राहिलो.

आता सांगायला हरकत नाही. आज सांगणार होतो. त्याची आई नुकतीच घरी परतलीय, कौलं फुटलीत, तो छपराचे फोटो बघत बसला होता. आज कशाला, म्हटलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

त्याने अर्धं ताट ठेवलं. भूक नाही म्हणतो. "हॉट, पी. टू हॉट." पाठ खाजवत असतो सारखा. एसीने होतं, असं मीच त्याला सांगितलं. मीच!

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती. घरी यंदा सुतकाचं वर्ष म्हणून आणला नाही, चुलतभावाकडे सगळे जमले. रेवाने व्हिडिओ पाठवला. आरतीत ममताची जागा मोकळी नव्हती, तिथे कोणी तरी उभं होतं. तेच बरं.

कपाटाच्या दाराला आतून लावलेल्या गणपतीच्या तसबिरीपुढे खजूर ठेवला. विचायने पण हात जोडले. जवळून बघितलं त्याला. डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा राहिलेला नाही. ट्यूबलाइटमुळे वाटत असेल, असं मनाशी म्हणायला गेलो. म्हणता आलं नाही.

तरी बोललो नाही. का, ते लिहून ठेवतो — मला तो इथे हवाय. तो गेला की खोलीत मी एकटा. एवढं घाणेरडं कारण आहे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

त्यांच्या कोर्टाने बाईंना कायमचं काढलं. विचायने बातमी अर्धीच ऐकली, मोबाइल उपडा ठेवला, भिंतीकडे तोंड करून झोपला. भर दुपारी. मी त्याच्या वाटणीची मतं एकट्यानेच मांडली, कोणी ऐकायला नव्हतं.

३ सप्टेंबर, बुधवार

पायाची जखम चिघळलीय. वास येतो. दुखत नाही.

ममता आठ महिने "बरं आहे" म्हणाली, त्याचा मला राग आहे. हे आज पहिल्यांदा कळलं. राग आहे — तिने मला काही करण्याची संधी दिली नाही. सांगितलं असतं तर पहिल्या विमानाने गेलो असतो. निदान गेलो असतो असं वाटतं.

आणि मी विचायला काय देतोय?

५ सप्टेंबर, शुक्रवार

सांगितलं.

दुपारच्या जेवणानंतर. खाटेवर समोरासमोर बसून. बाटलीत कावीळ निघाली, तुझ्या लिव्हरचं काही तरी आहे, मला दोन ऑगस्टपासून माहीत आहे. हातवारे करून, त्याच्या डोळ्यांकडे बोट दाखवून. इकामासाठी गप्प बसलो, आणि नंतर नुसताच गप्प बसलो, हेही सांगितलं. उद्या तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे येतो, माझं सगळं कबूल करतो. मला घरी पाठवतील तर पाठवू देत.

वाटलं होतं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो उठला, भाताची टोपली धुतली, उन्हात पालथी घातली. परत येऊन बसला.

"ओके, पी. टुमॉरो वी गो."

त्यांच्याकडे आज नवा पंतप्रधान निवडला. दोघांनीही बातम्या लावल्या नाहीत.

६ सप्टेंबर, शनिवार

डॉक्टर इस्मतनी माझं ऐकून घेतलं, पाय बघितला, लिहीत गेले. मग विचायला आत नेलं. आता दम्मामला मोठ्या इस्पितळात पाठवणार. दुखणं बऱ्याच दिवसांचं आहे म्हणाले.

ॲम्ब्युलन्सची वाट बघत बाकावर बसलो होतो. तेव्हा विचाय बोलला. वडिलांना हेच झालं होतं. भावालाही. त्याला वर्षभर धास्ती होती, पण स्वतःच्या नावावर तपासून घेतलं असतं तर कंपनीने परत धाडलं असतं. मी बाटली मागितली तेव्हा त्याला देवाने वाट दाखवल्यासारखं वाटलं. "युवर नेम, पी. माय आन्सर."

रोज विचारायचा, रिपोर्ट ओके? तो स्वतःचा रिपोर्ट विचारत होता. मी ओके म्हणालो.

बाकावरच रडलो. त्याने पाठीवर हात ठेवला.