बिघाड आढळला नाही

४ मार्च

प्रिय दादा,

पत्र बघून हसशील. फोन खिशात असताना हिला कागद-पेन कुठून सुचलं, म्हणशील. फोनवर तू "बोल चिमे" म्हणतोस आणि माझी दातखीळ बसते, म्हणून हा उद्योग.

हात कसा आहे? प्लॅस्टरमध्ये खाज सुटली की तू आईची विणायची सुई आत घालतोस, अशी वहिनीने चुगली केली आहे. घालू नकोस. आईचा गुडघा, छोटीची परीक्षा, सगळं कळव. छोटीला म्हणावं, आत्याने रंगीत पेन्सिली घेऊन ठेवल्यात.

लाँड्री चालू आहे. हॉस्पिटलांच्या चादरी काही कुणासाठी थांबत नाहीत. चार नंबरच्या मशीनभोवती पिवळी पट्टी बांधली आहे. शेजारच्या पाच नंबरवर आता इस्त्री विभागातल्या मावशी उभ्या असतात. तुझी आठवण काढतात. काल म्हणाल्या, "तुझा भाऊ मशीनशी गप्पा मारायचा गं. माझ्याशी ते मेलं बोलतच नाही."

तू क्षमतेपेक्षा जास्त कपडे भरलेस, अशी नोटीस आली म्हणे. उत्तर दिलंस का? घाई करू नकोस. म्हणजे, लगेच काही कबूल वगैरे करू नकोस. एवढंच सांगायचं होतं.

गॅसवर दूध आहे, उठते.

तुझी चिमी


९ मार्च

दादा,

हे पत्र आधी एकट्याने वाच. मग वाटलं तर वहिनीला दे.

काल तू फोनवर म्हणालास, "चिमे, मी खूप विचार केला. माझंच चुकलं असणार. त्या दिवशी चादरी जरा जास्त ओल्या होत्या, अंदाज हुकला असेल. सही करून मोकळा होतो." मी नुसतं "हं" म्हणाले आणि फोन ठेवला.

सही करू नकोस. तू जास्त कपडे भरले नव्हतेस.

तू मशीन चालवतोस, आमच्या दुरुस्ती विभागातलं तुला फारसं माहीत नाही, म्हणून सुरुवातीपासून सांगते. मशीन प्रमाणाबाहेर थरथरलं की कॉम्प्युटर माझ्या कामाच्या फोनवर अलार्म पाठवतो. मी जाऊन बघायचं आणि दोनपैकी एक निवडायचं: 'बिघाड आढळला' किंवा 'बिघाड आढळला नाही'. बिघाड म्हटलं की कुठला भाग, काय कारण, फोटो, सगळं भरावं लागतं आणि मुख्य फिटरची सही होईपर्यंत मशीन बंद. नाही म्हटलं की एक बोट टेकवलं, संपलं. एकाच भागाचे तीन बिघाड नोंदले गेले की कॉम्प्युटर स्वतःच नवा भाग मागवतो. पण त्याला डोळे नाहीत रे. आम्ही सांगू तेवढंच त्याला कळतं.

चार नंबरचा पहिला अलार्म जानेवारीत आला. तूच मला हाक मारलीस, "हिच्या पोटात काहीतरी खडखडतंय." मागचं बेअरिंग गरम होतं. ग्रीस भरलं, आवाज गेला. मी 'आढळला नाही' लिहिलं. देवाशपथ, तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

दुसऱ्या वेळी जुनं ग्रीस काळं निघालं आणि त्यात लोखंडाचा कीस चमकत होता. मी तो फडक्याला पुसला. मागे बारा ट्रॉल्या खोळंबल्या होत्या. परत तेच लिहिलं. तिसऱ्या वेळी फार बघितलंही नाही. चौथा अलार्म तुझ्या अपघाताच्या दोन दिवस आधीचा. तू विचारलंस, "लिहून ठेवतेस ना गं सगळं?" मी म्हणाले, "हो रे बाबा."

का केलं, ते विचारशील. आमच्या खोलीत एक फळा आहे. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, 'सलग नव्वद दिवस, बिघाड शून्य'. महिनाअखेरीला वरच्या जागेसाठी एकाला निवडणार होते. मला कुणीही 'खोटं लिही' म्हटलं नाही. त्या फळ्याकडे बघत मीच बोट टेकवत गेले.

मग तो दिवस. तू दाराशी उभा असताना झिजलेल्या बेअरिंगमुळे ड्रम फिरवणारा शाफ्ट तुटला, ड्रम दारावर आदळला आणि दार तुझ्या कोपरावर. चौकशीवाल्यांनी कॉम्प्युटर उघडला. चार अलार्म, चारही वेळा बिघाड नाही, खाली माझं नाव. म्हणजे मशीन चांगलं, माणूस चुकला. दादा, मी त्या खोलीत होते. त्यांनी विचारलं, "मशीन ठीक होतं ना?" मी म्हणाले, "नोंदीत आहे तसं."

फक्त तीन शब्द. पण त्या शब्दांनी तू स्वतःवरच संशय घ्यायला लागलास.

बंद केलेली नोंद पुन्हा उघडता येते. जुनी पुसली जात नाही, तिच्याखाली नवी लिहायची आणि बदलाचं कारण द्यायचं. उद्या सकाळी करणार आहे. नोकरी जाईल बहुतेक. पण त्याहून जास्त भीती वाटते ती तुझ्या पुढच्या फोनची.

ओरड, शिव्या घाल. सही मात्र करू नकोस.

चिमी


१७ मार्च

दादा,

आठ दिवस तुझा फोन नाही. बरोबरच आहे. काय झालं तेवढं सांगते.

दहा तारखेला कामावर जाताच त्या नोंदी उघडल्या. दुसऱ्या अलार्मखाली लिहिलं, 'मागचं बेअरिंग झिजलेलं. ग्रीसमध्ये लोखंडाचा कीस. मशीन थांबवायला हवं होतं, थांबवलं नाही.' बदलाचं कारण म्हणून आधी 'नजरचुकीने' टाइप केलं. बघत बसले. खोडलं आणि लिहिलं, 'आधीची नोंद खोटी होती.' पुढच्या दोन्ही अलार्मखालीही तसंच लिहून तिसरा बिघाड नोंदवला, तर कॉम्प्युटरने त्याच क्षणी नवं बेअरिंग मागवलं. इतकं सोपं होतं ते. मी खुर्चीतच बसून राहिले.

मुख्य फिटर धावत आले. "मिटलं होतं ना सगळं? कशाला उकरतेस?"

"मिटलं नाही साहेब. माझा भाऊ न केलेल्या चुकीवर सही करायला निघालाय."

त्यांनी स्क्रीनवरची नोंद वाचली. मग अगदी हळू म्हणाले, "पाच नंबरचा अलार्म मीही परवा असाच बंद केलाय."

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघंही पळत सुटलो. मावशी ड्रम सुरू करून दारापाशीच चादरी मोजत होत्या. मी लाल बटण दाबलं. "अगं, माझी अजून एक खेप राहिलीय!" त्या चिडल्या. मशीन उघडलं. बेअरिंगची कडी दुभंगली होती, आतल्या लोखंडी गोळ्या हातात आल्या. मावशींनी एकदा त्या गोळ्यांकडे बघितलं, एकदा दाराकडे, आणि हातातल्या चादरी परत ट्रॉलीत टाकल्या.

दुपारी मॅनेजरसाहेबांपुढे आम्ही दोघांनीही सगळं सांगितलं. तुझ्यावरची नोटीस मागे घेतली आहे. तसं लेखी पत्र तुला या आठवड्यात मिळेल, मी स्वतःच्या डोळ्यांनी त्यावरची सही बघितली. चौकशी संपेपर्यंत मला घरी बसवलंय. कामाचा फोन काढून घेतला, तरी दिवसातून दहादा दचकून खिसा चाचपते.

काल वहिनीचा फोन आला. "ते जेवतात, पण बोलत नाहीत. तुझं पत्र मी वाचलं. सध्या मला तुझ्याशी गोड बोलता येणार नाही," म्हणाली. मग म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, कोपर पूर्ण सरळ होणार नाही."

तुझी माफी मागत नाही, कारण मागितली की तू लगेच "जाऊ दे गं" म्हणशील. लहानपणापासून तेच म्हणत आलास. या वेळी जाऊ देऊ नकोस.

रविवारी सकाळच्या गाडीने येते आहे. आत घ्यायचं की नाही, ते तू आणि वहिनी ठरवा. नाही म्हणालात तर पायरीवरूनच आईला भेटून परत जाईन.

जिच्यामुळे तुझा हात मोडला ती,
तुझी धाकटी बहीण