बाळाच्या टबात गिअरचं तेल

ति. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (पाठ धरल्यामुळे सध्या तो कागदावरच घालतो आहे). तुझी कंबर कशी आहे? दाजींचा खोकला थांबला का? इकडे बाबांची तब्येत ठणठणीत. त्यांना राजी करून गाडी विकायची, ही तू सोपवलेली कामगिरी मी चोख पार पाडत होतो. बाबा चक्क 'बरं' म्हणाले. अर्थात आई गेल्यापासून ते सगळ्यालाच 'बरं' म्हणतात, त्यामुळे त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

घोळ घातला तो गिऱ्हाइकाने. गाडी फिरवून आणल्यावर तो सहज म्हणाला, की गिअर बदलताना जरा धक्का बसतो. झालं! बाबा खुर्चीतून उठले. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल बदलल्याशिवाय गाडी द्यायची नाही, आणि ते घरीच बदलायचं, असं फर्मान निघालं. मी गॅरेजचं नाव काढलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने खाली अंथरायला जुनी चादर शोधू लागलो.

इंजिन थोडा वेळ चालवून गरम केलं (म्हणजे तेल पातळ होऊन नीट निघतं), मग गाडी टेकूंवर चढवली. बाबांना आता वाकवत नाही, म्हणून गाडीखाली मी. तेल धरण्याएवढं मोठं भांडं घरात एकच सापडलं, बाळाचा आंघोळीचा टब. तुझ्या भावजयीला विचारलं नाही. विचारलं असतं तर मिळाला नसता. बोल्ट सुटला. तेल सरळ खाली पडेल असा माझा समज. ते आलं तिरकं, थेट माझ्या छातीवर! टब बिचारा शेजारी कोरडा. मी किंचाळलो, तर वरून बाबा ओरडले, "गाढवा, हलू नकोस, तेल सांडतंय!"

कारण जेवढं निघेल तेवढंच नवं घालायचं, हा त्यांचा नियम. टब सरकवून उरलेलं धरलं, मापाने मोजलं. पण माझ्या शर्टाने प्यायलेल्या तेलाचं काय? त्याच शर्टाचा जोडीदार कपाटात होता (सेलमध्ये दोन घेतले म्हणून तू हसली होतीस, तोच). बाबांनी आधी तो स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला, मग तेलकट ठेवला आणि फरक काढला. तेवढ्यात तुझी भावजय दारात येऊन उभी राहिली. पुढचं लिहीत नाही. घरात नवा काटा आणि नवा टब आला आहे, एवढंच कळवतो.

मग बोल्ट परत बसवला, गाडी खाली उतरवली आणि नवं लालभडक तेल ओतलं. मी आत बसून ब्रेक दाबून दांडी एकेका गिअरवर फिरवत होतो आणि बाबा बॉनेटखाली पट्टी बुडवून तेलाची पातळी बघत खेकसत होते. "सावकाश! गिअर आहे तो, हातपंप नाही!" दुपारभर मी बोलणी खाल्ली. ताई, खरं सांगू? मला रडू येत होतं, आनंदाने. किती महिन्यांनी या माणसाचा आवाज घरभर ऐकू आला. रात्री त्यांनी स्वतःहून मागून दोनदा वाढून घेतलं.

गाडी आता लोण्यासारखी चालते. गिऱ्हाईक रविवारी यायचं आहे. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. गिऱ्हाईक येणार नाही. मीच त्याला नको म्हणून कळवलं. बोल्ट काढला तरी निम्मं तेल आतच राहतं म्हणे. महिनाभर गाडी चालवायची, मग पुन्हा बदलायचं, मग आणखी एकदा. अर्धवट काम दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं नाही, असं बाबांचं म्हणणं. "मग सगळं जुनं कधी निघणार?" मी विचारलं. "सगळं कधीच निघत नाही रे," ते म्हणाले, "पण गाडी चालते."

ता. क. २. आता मुख्य काम. तुझ्याही गाडीचा गिअर धक्का देतो, असा बाबांना फोन कर. देत नाही, मला माहीत आहे. तरी कर. आई गेल्यापासून ते तुझ्या घरी आलेले नाहीत. नुसतं 'या' म्हटलंस तर यायचे नाहीत. काम आहे म्हटलंस, तर फोन ठेवायच्या आधी पाने-पकडी पिशवीत भरतील.