वाटणी, तुले न इचारता

किन्हीराजा,
१६ नोव्हेंबर

अमरदीपदादा,

नमस्कार. आईचा गुडघा आता बरा हाय. सोयाबीन घरात आलं, तूर फुलावर हाय. वहिनीले आन् पोराइले आठवण सांग. तू फोन उचलत नाही म्हणून लिहून राह्यली.

पयले कॉम्प्युटरचं. मालेगावच्या दुकानातून तू घरी आणून टाकला त्याच्यातलं तुहं एकबी बिल उडालं नाही! आधी सारं पेनड्राइव्हवर घेतलं. मंग विंडोजचा हिस्सा थोडा आकसवला आन् मोकळ्या जागेत लिनक्स टाकलं, विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम. नोकरीसाठी मले तेच शिकाचं हाय. मशीन सुरू व्हाचा, बूटचा बारकासा हिस्सा तेवढा दोघाइचा सामाईक, दोन वावराच्या मधल्या धुऱ्यावानी. मशीन चालू केली का इचारते, कोणतं उघडू? तू तुहं उघड. कोणी कोणाच्या वावरात पाय टाकत नाही.

हेच मी अंगणात फोनवर माह्या मैत्रिणीले, निकिताले सांगून राह्यली होती. "वाटणी करून टाकली वं! दादाले इचारलंबी नाही. साठ त्याले, चाळीस मले." कुडापलीकडं रंगूकाकू भांडे घासत होती. झालं! दिवस बुडेपर्यंत गावभर, पोरीनं वावर मागतलं! आन् तू? मले एक फोन नाही. काकू बजाराले तिकडं आली तं तिच्याच हाती हक्कसोडीचा कागद धाडला. काहून एवढी घाई रे?

पयले मी हासली. मंग लय राग आला.

खरं सांगू? तू सोता येऊन, चहा पिऊन, "वैभे, सही कर" म्हणला असता, तं मी डोळे झाकून केली असती. बाबा गेले तवापासून मी तेच धरून चालली होती. साऱ्याच बहिणी सोडतात, आपणबी सोडाचं. पण म्या मागतलं नव्हतं तरी तू भ्याला. तवा समजलं, तिथं माहं काहीतरी हाय.

आई म्हणते, भावाशी वाकडं नको. मी कुठं वाकडं करून राह्यली? तुरीच्या शेंगा भरल्या का पोराइले घेऊन ये, सोल्याची आमटी करतो. कागद मात्र सही न करता वापस पाठवला हाय. आन् तलाठ्याकडं मी सोता जाऊन आली. सातबाऱ्यावर आईचं, तुहं आन् माहं, तिघाइची नावं लागतील म्हणे.

काकूले सांग, आता खरंच मागतलं.

तुही बहीण आन् वावरातली हिस्सेदार,
वैभवी